जागतिक तापमानवाढ : निबंधातले उपाय आणि खरे उपाय



'जागतिक तापमानवाढ : कारणे, परिणाम व उपाय' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मुलांकडून लिहून घेतला आहे. मीही गेली चौदा-पंधरा वर्षे लिहून घेतोय. वही उघडली की साचा ठरलेला असतो. सुरुवातीला वसुंधरेची हाक, मग बर्फ वितळतो, समुद्राची पातळी वाढते, आणि शेवटी उपाय : झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा. आपण लाल शाईने 'छान' लिहितो, दहापैकी आठ गुण देतो आणि पुढची वही ओढतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळेपासून सहा-सात किलोमीटरवर कोळशाची खाण आहे. समोरच्या रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेली काळी धूळ दुपारी पुन्हा दिसते. वर्गातल्या दहा-बारा मुलांचे वडील खाणीत नाहीतर ट्रकवर कामाला आहेत.

यंदा मार्चमध्ये असेच निबंध वाचून दाखवत होतो. 'उपाय' आले तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, इतक्याशा झाडानं होते का? इथून रोज किती कोळसा जाते!" वर्ग हसला. मी "झाडांनी मदत होते बाळा" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मंग कोळसा बंद केला तं माह्या बाबाची नोकरी जाईन का?"

आता कोणी हसलं नाही. मलाही काही बोलता आलं नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो, खरं सांगायचं तर.

त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता माझं एक मत बनलं, तेच इथे मांडतो. आपण मुलांना उपायांची यादी देतो, पण कोणता उपाय किती मोठा आणि कोणता किती छोटा हे सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं की प्लास्टिकची पिशवी नाकारली आणि जुलैत एक रोप लावलं की आपलं काम झालं.

आधी वेग समजून घेऊ

तापमान 'वाढत आहे' एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. किती वेगाने, हे विचारलं की गडबड होते. मुलांना देता येतील असे काही आकडे बघा.

कारखाने सुरू होण्याआधीच्या काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ या डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. १९६० च्या दशकात हे प्रमाण वर्षाला एक भागही वाढत नव्हतं. गेल्या दशकात ते वर्षाला दोन ते अडीच भागांनी वाढतंय. म्हणजे पातळी वाढते आहेच, पण वाढण्याचा वेगसुद्धा वाढला आहे. आठवीच्या मुलाला वेग आणि त्वरण यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

तापमानाचंही तसंच. १९७० नंतर पृथ्वीचं सरासरी तापमान दर दहा वर्षांना साधारण ०.२ अंशाने वाढत आलंय आणि अलीकडच्या वर्षांत तो वेग आणखी वाढल्याचं दिसतं. मोजमापं सुरू झाल्यापासून २०२४ अखेरपर्यंतची सर्वांत उष्ण दहा वर्षे म्हणजे २०१५ ते २०२४ हीच दहा वर्षे. २०२४ हे वर्ष तर १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम होतं.

"दीड अंशाने काय होतं सर, आपल्याकडे तर सेहेचाळीस जाते!" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. मी ताप आलेल्या माणसाचं उदाहरण देतो. शरीराचं तापमान ३७ वरून ३८.५ झालं की आई शाळेत पाठवत नाही. तो दीडच अंश असतो.

विदर्भातल्या शाळांना हे वेगळं सांगायला नको. बाकी महाराष्ट्रात १५ जूनच्या आसपास शाळा भरते, आमच्याकडे उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. मार्च संपता संपता सकाळची शाळा सुरू होते. तरी दहा-साडेदहाला पत्र्याखालचे वर्ग भट्टीसारखे तापतात आणि मुलं पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओततात.

हौदाचे गणित

आपल्या पिढीने नळ आणि हौदाची गणितं सोडवली आहेत. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, दोन्ही सुरू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? तेच गणित मी आता तापमानवाढीसाठी वापरतो.

हवा म्हणजे हौद. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आणि जंगल तोडून जग दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड या हौदात सोडतं. हा भरणारा नळ. समुद्र, जंगलं आणि माती मिळून त्यातला जवळपास निम्मा ओढून घेतात. हा रिकामा करणारा नळ. उरलेला निम्मा हौदात साठत राहतो, आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षे तिथेच राहतो.

आता मुलांना विचारा : भरणारा नळ ४० वरून ३० वर आणला, तर पातळी कमी होईल का?

माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी "हो" म्हणून हात वर केले. मी हेच शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तिथेही निम्म्याहून जास्त "हो" आले. उत्तर आहे "नाही". ३० आत येतात आणि २० बाहेर जातात, म्हणजे पातळी चढतच राहते, फक्त थोडी हळू. नळ थोडासा आवळून भागत नाही, तो बंद होण्याच्या दिशेने न्यावा लागतो. 'नेट झिरो' हा शब्द बातम्यांत येतो तो यासाठीच. भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० ही त्यासाठीची मुदत जाहीर केली.

या गणितात एक दिलासाही आहे, आणि तो मुलांना आवर्जून सांगावा. आपण भर घालणं जवळपास शून्यावर आणलं, तर तापमानाची पुढची वाढही जवळपास थांबते, असं शास्त्रज्ञांचे अभ्यास सांगतात. झालेली वाढ लगेच उतरणार नाही, पण पुढची थांबेल. "आता काही होऊ शकत नाही" हे खरं नाही.

झाडांचे गणित

आता मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न घेऊ. झाडानं होते का?

आम्ही वर्गात फळ्यावर हिशोब केला. घरी महिन्याला १०० युनिट वीज लागते असं धरलं. वर्षाची १२०० युनिट. आपल्या देशात दहातली साधारण सात युनिटं कोळशावर तयार होतात, त्यामुळे सगळ्या विजेची सरासरी काढली तर एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला ९०० किलो. एक वाढलेलं, मध्यम झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो शोषून घेतं. झाडाची जात, वय आणि पाणी यांवर हा आकडा बदलतो, पण हिशोबापुरता धरू. ९०० भागिले २०, झाली ४५ झाडं. एका घराच्या फक्त विजेसाठी ४५ वाढलेली झाडं! त्यात मोटरसायकलचं पेट्रोल नाही, गॅस सिलिंडर नाही, घर बांधायला लागलेलं सिमेंट नाही.

मग एकाने चंद्रपूरच्या वीज केंद्राचं गणित मागितलं. त्याची क्षमता २९२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला २९ लाख २० हजार युनिट. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर तासाला दोन हजार टनांहून जास्त. वीस टनी ट्रक धरला तर दर तासाला शंभर ट्रक. हिशोब फळ्यावर आला आणि मुलं गप्प झाली. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रकांचा अर्थ त्यांना तेव्हा कळला.

याचा अर्थ झाडं लावू नयेत असा मुळीच नाही. झाड सावली देतं, पाणी मुरवतं, माती धरतं, पाखरांना घर देतं. कडुलिंबाखाली बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग सांगावा लागत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही शाळेत कित्येक वर्षे त्याच कुंपणालगत, जवळजवळ त्याच खड्ड्यांत, दर जुलैला नवी रोपं लावली आणि फोटो पाठवले. मे महिन्यात त्या रोपांचं काय होतं ते कोणी पाहिलं नाही. मीही नाही. यंदा मुलांनी मोजणी केली, तेव्हा तीन वर्षांत लावलेल्या साठ रोपांपैकी अकरा जिवंत सापडली. तेव्हापासून आमच्या शाळेत 'किती लावली' हा रकाना खोडून 'किती जगली' हा रकाना आणला आहे.

मग वेग कमी होतो का? होतो

मोठे उपाय म्हटलं की ते आपल्या हाताबाहेरचे वाटतात. पण माणसांनी ठरवून वेग कमी केल्याची उदाहरणं आहेत, आणि तीसुद्धा निबंधात यायला हवीत.

पहिलं ओझोनचं. फ्रीजमधल्या आणि फवाऱ्यांमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. जगातल्या सगळ्या देशांनी तो स्वीकारला आणि ओझोनचा थर आता हळूहळू सावरतोय. हे वायू उष्णताही प्रचंड धरून ठेवायचे, त्यामुळे त्या एका कराराने तापमानवाढीलाही लगाम लावला. त्यांच्या जागी आलेल्या एसीतल्या वायूंपैकी काही कार्बन डायऑक्साइडच्या हजार-दोन हजार पट उष्णता धरतात. ते कमी करण्यासाठी २०१६ साली किगालीत पुढचा करार झाला.

दुसरं उदाहरण आपल्या घरातल्या दिव्याचं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम ९ वॅटमध्ये होऊ लागलं. कोणाला अंधारात बसावं लागलं नाही, उलट बिल कमी झालं.

तिसरं सौर ऊर्जेचं. २०१० ते २०२० या दहा वर्षांत सौर विजेचा खर्च साधारण ऐंशी-नव्वद टक्क्यांनी उतरला. आपल्या राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठी. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा दिवसाची वीज म्हणजे काय. आमच्या भागात अंधारात बांधावर साप असतो आणि कधीकधी वाघही. इथे हवामानाचा फायदा आणि शेतकऱ्याचा जीव, दोन्ही एकाच तारेने जोडलेले आहेत.

चौथं मिथेनचं. हा वायू वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो, पण हवेत टिकतो जेमतेम डझनभर वर्षे. म्हणून तो कमी केला की परिणाम लवकर दिसतो. तो कुठून येतो? ओल्या कचऱ्याच्या ढिगातून, जनावरांच्या रवंथातून आणि सतत पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतून. मधूनमधून पाणी काढून बांधी वाळू दिली, तर मिथेन बराच कमी होतो आणि पाणीही वाचतं. आमच्याकडच्या धान लावणाऱ्या घरांतल्या मुलांना हे सांगितलं की ती घरी जाऊन बोलतात, हा अनुभव आहे.

त्या मुलीचा प्रश्न

आता अवघड प्रश्न. बाबाची नोकरी जाईल का?

मी आठ दिवसांनी वर्गात त्यावर बोललो. खोटा दिलासा द्यायचा नाही एवढं ठरवलं होतं. तिला म्हटलं, उद्या-परवा खाण बंद होणार नाही. देशाला वीज हवी आहे आणि पर्याय उभे राहायला वर्षे लागतील. पण तू आज तेरा वर्षांची आहेस, २०७० साली अठ्ठावन्न वर्षांची असशील. तुझे बाबा कदाचित याच कामावरून निवृत्त होतील. तुझ्या भावाने मात्र त्याच कामाच्या भरवशावर राहू नये.

आणि हे फक्त तिच्या घरावर सोडून देणं अन्याय होईल, असं मला वाटतं. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गिरणगावातल्या घरांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे, आणि गिरणी कामगारांच्या घरांसाठी अजूनही मोर्चे निघतात. दुसरीकडे जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं आधी ठरवलं, त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ठेवला, कामगारांना लवकर निवृत्ती आणि दुसऱ्या कामाचं शिक्षण दिलं, आणि मग २०१८ च्या डिसेंबरात शेवटची खाण बंद केली. जर्मनी श्रीमंत देश आहे, हे मान्य. पण आधी ठरवणं आणि अचानक कुलूप लावणं यांतला फरक फक्त पैशाचा नसतो.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ आणि अमेरिकेतली चौदा. पत्र्याच्या घरात एका पंख्यावर झोपणाऱ्या मुलाला "पृथ्वी तुझ्यामुळे तापतेय" असं वाटायला लावणं चुकीचं आहे. जो जास्त जाळतो त्याने आधी आणि जास्त कमी करावं. हा नियम देशांना लागू आहे, तसाच आपल्याच शहरांतल्या चार एसीवाल्या घरांनाही.

वर्गात आणि घरात काय करता येईल

निबंध बंद करा असं मी म्हणत नाही. त्याआधी चार कामं करून घेऊ या.

१. प्रत्येक मुलाने घरचं वीजबिल आणावं, युनिट वाचावेत आणि वरचा हिशोब स्वतः करावा. पालकहो, बिल द्यायला लाजू नका, जास्त युनिट म्हणजे गुन्हा नाही.

२. दुपारी एकच तापमापी पत्र्याखाली, कडुलिंबाखाली आणि चुना मारलेल्या छताखाली धरून नोंद घ्यावी. पांढऱ्या छताचा फरक मुलांना स्वतः दिसू द्या.

३. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघतो? हे कोडं घाला. हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, १२ चे ४४ होतात. रसायनशास्त्राचा धडा आणि तापमानवाढ एकाच तासात.

४. गावातले दिवसा जळणारे पथदिवे मोजून ग्रामपंचायतीला पत्र लिहावं. आमच्या मुलांनी सतरा मोजले. ग्रामसेवकांनी आधी हसून घेतलं, पण पंधरा दिवसांत बटण बंद करायची जबाबदारी एकावर दिली. पाणीपुरवठ्याचा पंप आणि शाळा सौर विजेवर आणायचा विषय आता पुढच्या ग्रामसभेत ठेवायचा आहे. मुलांचं पत्र तयार आहे.

शेवटचं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. गावाने मिळून ठरवलेली गोष्ट एकट्या घराच्या काटकसरीपेक्षा कितीतरी पुढे जाते, आणि ही मुलं पाच वर्षांत मतदार होणार आहेत. उमेदवाराला वीज, बस, पाणी आणि खाणीनंतरच्या कामाबद्दल नेमका प्रश्न विचारता येणं हाही तापमानवाढीवरचा उपायच आहे.

जुलैत मी पुन्हा तोच निबंध दिला. या वेळी त्या मुलीने उपायांत झाडांच्या आधी लिहिलं होतं : 'कोळसा हळूहळू कमी करावा व खाणीतल्या लोकांना आधी दुसरे काम द्यावे.' शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी दहापैकी नऊ दिले.

तुमच्या वर्गात हौदाचं गणित घालून बघा. किती हात वर होतात ते मला जरूर कळवा.